थायरॉईड आणि फायब्रोमायल्जिया : अंगदुखीच्या निदानात क्रम चुकू नये म्हणून

‘टीएसएच ६.८ आला, म्हणजे अंगदुखीचे कारण सापडले’ आणि ‘टीएसएच नॉर्मल आला, म्हणजे थायरॉईडचा विषय संपला’ ही दोन वाक्ये नागपूरच्या धंतोली किंवा रामदासपेठेतल्या कोणत्याही दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बसले तरी कानावर पडतात. दोन्ही ठामपणे बोलली जातात आणि दोन्ही अपुरी आहेत. टीएसएच म्हणजे थायरॉईडला काम करायला सांगणारे संप्रेरक; ग्रंथी मंदावली की ते सहसा वाढते. थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले तरी अंग दुखते, थकवा येतो, झोपून उठल्यावर ताजेतवाने वाटत नाही, शब्द आठवत नाहीत, बद्धकोष्ठ होते, हातांना मुंग्या येतात आणि मन उदास राहते; फायब्रोमायल्जियातही नेमके हेच होते. फरक मुळाशी आहे. पहिल्यात शरीराला लागणारे संप्रेरक कमी पडते आणि ती कमतरता रक्तात मोजता येते. दुसऱ्यात वेदनेचे संदेश हाताळणारी मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील झालेली असते आणि ते सिद्ध करणारी कोणतीही रक्ततपासणी नाही.

यातून तीन तऱ्हेच्या चुका होतात. थायरॉईडची कमतरता खरोखर असते, पण रक्त चुकीच्या पद्धतीने तपासले गेल्याने ती लपते आणि रुग्णाला फायब्रोमायल्जियाचा शिक्का बसतो. किंवा असतो फायब्रोमायल्जिया, पण टीएसएच किंचित वाढलेला दिसतो आणि दुखणे थांबेना म्हणून थायरॉईडची गोळी पन्नास मायक्रोग्रॅमवरून पंचाहत्तर, पंचाहत्तरवरून शंभर अशी चढत जाते. तिसरी चूक माझ्या मते सर्वांत जास्त वेळा घडते : दोन्ही आजार एकाच शरीरात असतात आणि एक सापडला की दुसऱ्याचा शोध थांबतो. म्हणून ‘हा की तो’ असे विचारूच नये. ‘थायरॉईड कमी आहे का’ आणि ‘फायब्रोमायल्जियाचे निकष पुरे होतात का’ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे ठरावीक क्रमाने मिळवायची आहेत.

मी डॉक्टर नाही. माझ्या मोठ्या वहिनींची फाईल मी चार वर्षे सांभाळली आणि त्यात जे चुकले, जे उशिरा कळले, ते डोळ्यांसमोर ठेवून हा क्रम लिहिला आहे. तो डॉक्टरांकडे जाण्याच्या तयारीसाठी आहे, स्वतःची गोळी स्वतः ठरवण्यासाठी नाही. गर्भवती असलेल्या किंवा गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रियांनी मात्र यातले थांबा-पाहाचे टप्पे पाळत बसू नये. त्यांनी टीएसएच वाढलेला दिसताच लगेच डॉक्टरांना गाठावे.

टप्पा १ : चौदा दिवसांची वही

डॉक्टरांनी ‘काय होते?’ असे विचारल्यावर वहिनींचे उत्तर ठरलेले असे : ‘‘सारं अंगच दुखून राह्यलं.’’ ते शंभर टक्के खरे होते आणि निदानासाठी निरुपयोगी होते. तपासणीच्या आधी चौदा दिवस रोज रात्री पाच मिनिटे काढून पुढील गोष्टी लिहाव्यात.

प्रथम एका कागदावर माणसाची साधी आकृती काढून त्या दिवशी दुखलेल्या जागा रंगवाव्यात. जागा एकूण एकोणीस मोजतात. जबडा, खांदा, दंड, कोपराखालचा हात, नितंब, मांडी आणि पोटरी या सात जागा उजव्या-डाव्या बाजूंच्या मिळून चौदा होतात. त्यांत मान, पाठीचा वरचा भाग, कंबर, छाती आणि पोट या पाच मिळवायच्या. हा कागद सातव्या टप्प्यात लागणार आहे, तो फेकू नये.

दुसरे, दुखणे आणि ताकद यांत फरक करावा. खाली मांडी घालून बसल्यावर हाताचा आधार न घेता उठता येते का? वरच्या फळीवरचा डबा काढताना हात दुखतो म्हणून थांबतो, की वर जातच नाही? जिना चढताना मांड्या दुखतात, की उचलल्याच जात नाहीत? थायरॉईड बराच कमी असेल तर खांदे आणि मांड्यांच्या स्नायूंत खरा अशक्तपणा येऊ शकतो. फायब्रोमायल्जियात वेदना माणसाला अडवते, पण स्नायूची ताकद मुळात शाबूत असते.

तिसरे, स्पर्श. ब्लाऊजची घट्ट कड, बांगड्या, नातवाने मारलेली मिठी, केस विंचरणे, अशा एरवी न दुखणाऱ्या गोष्टी दुखत असतील तर तसे स्पष्ट लिहावे. फायब्रोमायल्जियाकडे बोट दाखवणारी ही महत्त्वाची खूण आहे आणि विचारल्याशिवाय ती कोणी सांगत नाही.

चौथे, थंडी. थंडी सहन होत नाही का, हा थायरॉईडचा नेहमीचा प्रश्न आहे. पण नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना त्याचे उत्तर ‘नाही’ असेच मिळते. प्रश्न बदलून विचारावा. घरातले बाकीचे सगळे कूलरसमोर बसलेले असताना तुम्हीच तो बंद करायला सांगता का? नवतप्यातही, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांतही, रात्री चादर लागते का? वहिनींना हे विचारल्यावर दादा त्यांच्या आधी हसले.

याखेरीज आवाज जाड होणे, सकाळी चेहरा सुजल्यासारखा दिसणे, कातडी कोरडी पडणे, पाळीत रक्तस्राव वाढणे आणि नाडी मंदावणे या थायरॉईडकडे झुकणाऱ्या खुणा आहेत. घोरणे असल्यास घरच्यांना विचारून लिहावे. झोपेत श्वास अडण्याचा विकार हा या दोन्ही आजारांची नक्कल करणारा तिसरा गडी आहे आणि थायरॉईड कमी असलेल्यांत तो अधिक आढळतो.

तपासून पाहा : वहीत नुसते ‘आज बरे नव्हते’ असे एकही पान नसावे. जागा, वेळ आणि कशाने वाढले, हे असावे.

टप्पा २ : रक्त देण्याआधी घरातल्या सगळ्या औषधांची यादी

हा टप्पा लोक हमखास गाळतात आणि चुकीच्या निदानाची सुरुवात बहुधा इथेच होते.

बायोटिनचे उदाहरण घ्या. थायरॉईड कमी झाला की केस गळतात. केस गळतात म्हणून मैत्रीण किंवा औषधाचे दुकान केसांची गोळी सुचवते आणि त्यांतल्या कित्येक गोळ्यांत ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिन असते. टीएसएच मोजण्याच्या काही यंत्रपद्धतींत हेच बायोटिन वापरलेले असते, त्यामुळे रक्तातल्या जादा बायोटिनने मोजणी बिघडते : टीएसएच खोटाच कमी आणि फ्री टी-४ (थायरॉईडचे रक्तात मोकळे फिरणारे संप्रेरक) खोटाच जास्त दिसतो. म्हणजे ज्या आजाराने केस गळाले, तोच आजार केसांच्या गोळीमुळे अहवालात लपतो, अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि उरलेल्या अंगदुखीला दुसरे नाव मिळते. अशी गोळी चालू असेल तर ती रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवावी. डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारावे आणि लॅबमध्येही तसे सांगावे.

दुसरा मोठा घोळ सांधेदुखीच्या बेनामी पुड्यांचा. नाव, घटक, तारीख काही नसलेली ही पुडी दोन दिवसांत आराम देते, तेव्हा तीत स्टेरॉईड असण्याची शंका घ्यावी. स्टेरॉईडने टीएसएच दबतो, सांध्यांची खरी सूज लपते आणि पुडी बंद केल्यावर सगळे अंग ठणकू लागते. मात्र महिनोन्‌महिने घेतलेली पुडी एकदम बंद करू नये. शरीराचे स्वतःचे स्टेरॉईड तयार होणे थंडावलेले असते आणि अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळू शकतो. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांना दाखवावी. ओरडा बसेल, बसू द्यावा.

यादीत कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी असली तर तीही अधोरेखित करावी, कारण तिच्याने स्नायू दुखू शकतात आणि थायरॉईड कमी असताना तो धोका वाढतो. हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडॅरोन आणि मनोविकारासाठीचे लिथियम थायरॉईडच बिघडवू शकतात. कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीच्या गोळ्या नंतरच्या टप्प्यात लागतील, त्याही लिहून ठेवाव्यात.

स्त्रियांसाठी एक प्रश्न अधिक : बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला होता का, त्यानंतर दूध आले नाही, पाळी परतली नाही, असे काही? हे वीस वर्षांपूर्वी घडलेले असले तरी सांगावे. त्याचा संबंध चौथ्या टप्प्यात आहे.

टप्पा ३ : रक्त कधी, कुठे, कोणते

वहिनींच्या फाईलमध्ये सात टीएसएच अहवाल होते. ते चार वेगवेगळ्या लॅबचे होते. रक्त घेतल्याची वेळ एकावर सकाळी साडेसात, एकावर दुपारी एक, तर एकावर संध्याकाळचे पाच अशी होती आणि आकडे ३.९ ते ७.२ यांच्यामध्ये नाचत होते. ‘यांचा थायरॉईड सारखा वर-खाली होतो’ असे आम्ही सगळ्यांना सांगत असू. त्यात घड्याळाचा वाटा मोठा होता. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो. खाल्ल्यानंतरही तो काहीसा कमी दिसतो.

म्हणून नियम साधे ठेवावेत. लॅब एकच. वेळ सकाळी साधारण आठच्या आत आणि दर वेळी तीच. पोट रिकामे. थायरॉईडची गोळी आधीच चालू असेल तर त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी, कारण गोळीनंतर काही तास फ्री टी-४ वर गेलेला दिसतो. ताप, डेंग्यू, शस्त्रक्रिया अशा मोठ्या आजारपणात किंवा त्यातून नुकतेच उठल्यावर तपासणी करू नये. शरीर सावरत असताना टीएसएच तात्पुरता हलतो. सहा आठवडे थांबलेले बरे.

थायरॉईडसाठी टीएसएच आणि फ्री टी-४ सोबत करावेत, नुसता टीएसएच नको. अँटी-टीपीओ ही प्रतिपिंडांची तपासणी एकदा पुरेशी असते. बाकी नकलाकार ओळखण्यासाठी डॉक्टर बहुधा सीबीसी, शरीरातला दाह दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी, सीके म्हणजे स्नायूंचे एन्झाइम, ‘ड’ जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, बी-१२, फेरिटिन, साखर आणि यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या सांगतात.

सावधान : ‘फुल बॉडी पॅकेज’मध्ये आरए फॅक्टर आणि एएनए आयतेच येतात म्हणून ते करून घेऊ नयेत. सांध्यांना सूज नसताना केलेल्या या चाचण्या निरोगी माणसांतही कधीकधी पॉझिटिव्ह येतात आणि मग नसलेल्या संधिवाताच्या मागे सहा महिने जातात. सीके करण्याआधी दोन-तीन दिवस जड व्यायाम किंवा दंडात-कमरेत इंजेक्शन झालेले नसावे, कारण त्यानेही तो वाढतो.

टप्पा ४ : अहवाल हातात आल्यावर

बहुतेक लॅब टीएसएचची सामान्य मर्यादा साधारण ०.४ ते ४.५ मिली आययू प्रति लिटरच्या आसपास छापतात. ठळक अक्षरातला आकडा पाहून घाबरण्याऐवजी टीएसएच आणि फ्री टी-४ यांची जोडी वाचावी.

जोडी अ : टीएसएच वाढलेला, फ्री टी-४ कमी, किंवा टीएसएच १०च्या वर. थायरॉईडची कमतरता आहे आणि बहुतेक वेळा गोळी लागतेच. सोबत सीके आणि कोलेस्टेरॉल वाढलेले असतील तर स्नायूंच्या दुखण्यात थायरॉईडचा हात असण्याची शक्यता बळावते. फायब्रोमायल्जियाने सीके वाढत नाही.

जोडी आ : टीएसएच ४.५ ते १०च्या दरम्यान, फ्री टी-४ सामान्य. सर्वाधिक घोळ इथेच होतो. हा आकडा पुष्कळांत आपोआप खाली येतो, म्हणून दोन-तीन महिन्यांनी त्याच पद्धतीने पुन्हा तपासल्याशिवाय त्यावर काही ठरवू नये. आणि तो पुन्हा तसाच आला, तरी सगळ्या अंगदुखीचे खापर त्याच्यावर फोडता येत नाही. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रस्ट’ या युरोपीय चाचणीत ६५ वर्षे व त्यावरील ७३७ जणांना, ज्यांचा टीएसएच असाच किंचित वाढलेला होता, थायरॉईडची गोळी किंवा तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी देण्यात आली. वर्षाअखेर थकव्यात आणि थायरॉईडच्या तक्रारींत दोन गटांत फरक आढळला नाही. तरुण वयात, अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असताना किंवा टीएसएच चढत असताना डॉक्टर काही महिने गोळी देऊन पाहतात आणि ते योग्यही असू शकते; पण तेव्हा ती किती महिने देऊन पाहायची आणि फरक कशावरून मोजायचा, हे आधी ठरवून घ्यावे.

जोडी इ : दोन्ही सामान्य. बायोटिन आणि स्टेरॉईडचा प्रश्न मिटलेला असेल तर अंगदुखीचे कारण थायरॉईड नाही. अँटी-टीपीओ एकटाच पॉझिटिव्ह असणे म्हणजे गोळी लागणे नव्हे. वर्षातून एकदा टीएसएच पाहत राहावा. ‘रिव्हर्स टी-३’ वगैरे महागड्या चाचण्यांतून ‘लपलेला थायरॉईड’ शोधून देण्याच्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत.

जोडी ई : फ्री टी-४ कमी, पण टीएसएच सामान्य किंवा कमी. केवळ टीएसएच करणाऱ्यांच्या नजरेतून ही जोडी पूर्ण निसटते. दोष थायरॉईडचा नसून मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा असू शकतो, आणि बाळंतपणातला रक्तस्राव विचारला तो यासाठी. इथे एन्डोक्रायनॉलॉजिस्टच, म्हणजे संप्रेरकांचा तज्ज्ञच, हवा. आधी कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टेरॉईड, तपासल्याशिवाय थायरॉईडची गोळी सुरू केल्यास जीवावर बेतू शकते.

सावधान : ईएसआर-सीआरपी बरेच वाढलेले, सांधे सुजलेले, ताप, वजन घटणे, एका बाजूचा अशक्तपणा, लघवी चहाच्या रंगाची होणे, किंवा पन्नाशीनंतर नव्याने खांदे-नितंब सकाळी आखडणे, यांतले काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. थायरॉईडचा रुग्ण गुंगीत जात असेल, अंग थंडगार पडले असेल किंवा बोलणे असंबद्ध झाले असेल, तर ती तातडीची अवस्था आहे. थेट कॅज्युअल्टी गाठावी.

टप्पा ५ : विदर्भातले चकवे

पुढे जाण्याआधी इथल्या मातीतली चार कारणे तपासून घ्यावीत, कारण पुण्या-मुंबईकडचे सल्ले वाचून ती सुटतात.

चिकुनगुन्या. २०२४च्या पावसाळ्यात नागपुरात त्याची मोठी साथ आली होती. ताप उतरल्यावरही सांधेदुखी महिनोन्‌महिने, काहींना त्याहून जास्त काळ राहते. दुखणे तापानंतर सुरू झाले असेल तर तापाचा महिना डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

‘ड’ जीवनसत्त्व. एवढ्या उन्हात कमतरता कशी, असे वाटते. पण स्कूटीवर डोळ्यांखेरीज सगळा चेहरा स्कार्फमध्ये आणि हात मोज्यांत असताना ऊन कातडीपर्यंत पोहोचत नाही. हाडांवर दाबल्यावर दुखत असेल, नितंब-मांड्या दुखून चाल डुलती झाली असेल आणि अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले असेल, तर आधी हेच भरून काढावे.

सिकलसेल. विदर्भात त्याचे प्रमाण मोठे आहे. हाडांत अधूनमधून असह्य कळा, जुना ॲनिमिया आणि कुटुंबात कोणाला सिकलसेल असेल तर त्याची तपासणी राहून जाऊ नये.

फ्लोराईड. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरवेलच्या पाण्यात ते जास्त आहे. वर्षानुवर्षे ते पाणी प्यायलेल्यांची मान-पाठ दुखते आणि हळूहळू कडक होते. दातांवर तपकिरी डाग असतील तर लहानपणीचे गाव सांगावे.

टप्पा ६ : ‘गोळीने फरक पडला नाही’ असे म्हणण्याआधी

थायरॉईडची कमतरता निश्चित झाली आणि लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडची गोळी, सुरू झाले, की दुखणे थांबण्याची वाट पाहणे सुरू होते. दुखणे थांबत नाही, तेव्हा गोळी खरोखर अंगी लागते आहे का, हे आधी पाहावे.

गोळी सकाळी रिकाम्या पोटी साध्या पाण्यासोबत घ्यावी आणि त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर काही घेऊ नये. ‘काही’ यात चहा येतो. नागपुरात सकाळी चहाशिवाय तासभर बसणे ही तपश्चर्या आहे, हे मान्य; पण गोळी, लगेच चहा आणि वीस मिनिटांत तर्री-पोहे हा क्रम गोळीचा काही भाग वाया घालवतो. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. त्या रात्रीच्या जेवणानंतर टाकल्या की प्रश्न मिटतो. सोयाबीनचे पदार्थही गोळीच्या वेळेपासून दूर ठेवावेत.

उष्णता हा आपल्या गावाचा खास मुद्दा आहे. हे औषध उष्णता आणि ओलाव्याने लवकर खराब होते, आणि लेबलवर बहुधा २५ किंवा ३० अंशांच्या आत ठेवण्याची सूचना असते. शंभर गोळ्यांची बाटली स्वयंपाकघरात, खिडकीत किंवा स्कूटीच्या डिक्कीत एप्रिल ते जून काढत असेल, तर त्या गोळीवर भरवसा कसला? उन्हाळ्यात महिन्याभरापुरतीच गोळी आणावी, घट्ट झाकणाच्या मूळ बाटलीत घरातल्या सर्वांत थंड खोलीच्या कपाटात ठेवावी, आणि फ्रिजमध्ये ठेवायची का ते दुकानातल्या फार्मासिस्टला त्या विशिष्ट कंपनीच्या गोळीबद्दल विचारावे.

डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनीच तपासावा. हे औषध रक्तातून निम्मे व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांनी केलेली तपासणी जुन्या-नव्या डोसची खिचडी दाखवते. ग्रंथीचे काम जवळजवळ थांबलेल्या प्रौढाला साधारण प्रतिकिलो १.६ मायक्रोग्रॅम पुरते, म्हणजे साठ किलोच्या माणसाला शंभरच्या आसपास. वयस्कर आणि हृदयरोगी यांना सुरुवात खूपच कमी डोसने करतात. साठ किलो वजनाला पावणेदोनशे-दोनशेची गोळी चालू असून टीएसएच उतरत नसेल, तर डोस वाढवण्याआधी गोळी चुकणे, चहा, कॅल्शियम आणि आतड्याचे विकार यांची चौकशी व्हायला हवी.

सावधान : टीएसएच मर्यादेत असताना ‘दुखते’ म्हणून गोळी वाढवू नये. जादा गोळीने छाती धडधडते, झोप उडते, स्नायू अशक्त होतात, म्हणजे फायब्रोमायल्जियाच वाढल्यासारखा दिसतो. पुढे हृदयाचा ठोका अनियमित होण्याचा आणि, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांत, हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो.

आता धीराचा भाग. टीएसएच सामान्य झाल्यावरही स्नायूंच्या तक्रारी काही महिने रेंगाळू शकतात. टीएसएच मर्यादेत स्थिर राहून तीन ते सहा महिने झाले, गोळी नीट चालू आहे आणि तरी वहीतली चित्रे तशीच रंगताहेत, तर उरलेले दुखणे थायरॉईडच्या खात्यात टाकणे बंद करावे.

टप्पा ७ : फायब्रोमायल्जियाचे निकष मोजणे

काही ठिकाणी अजूनही अठरा जागा दाबून त्यांतल्या अकरा दुखतात का, हे पाहतात. तो १९९०चा निकष. २०१६च्या सुधारित निकषांत दाबून पाहण्याची गरज नाही. दोन आकडे काढायचे असतात.

पहिला आकडा : गेल्या सात दिवसांत एकोणीसपैकी किती जागा दुखल्या. दुसरा आकडा : थकवा, झोपेनंतरही ताजेतवाने न वाटणे आणि विचार-स्मरणातला गोंधळ या तिन्हींना तीव्रतेप्रमाणे ० ते ३ गुण, अधिक गेल्या सहा महिन्यांत डोकेदुखी, ओटीपोटात दुखणे आणि उदासी यांपैकी जे असेल त्याचा प्रत्येकी एक गुण, असे बारापैकी. पहिला ७ किंवा जास्त आणि दुसरा ५ किंवा जास्त. अथवा पहिला ४ ते ६ आणि दुसरा ९ किंवा जास्त, असे हवे. शिवाय शरीराचे पाच भाग धरून, म्हणजे डावा वरचा, उजवा वरचा, डावा खालचा, उजवा खालचा आणि मान-पाठ-कंबर, त्यांपैकी किमान चार भागांत दुखणे हवे, आणि हे सगळे तीन महिने साधारण याच पातळीवर असायला हवे.

वहिनींचा कागद असा होता : मान, पाठीचा वरचा भाग, कंबर, दोन्ही खांदे, दोन्ही नितंब, दोन्ही मांड्या, एकूण नऊ. थकवा २, झोप ३, विसरभोळेपणा १, डोकेदुखी १, एकूण सात. पाचही भाग धरलेले. हे मोजायला दहा मिनिटे लागली. मोजायला हवे हे कळायला तीन वर्षे.

याच निकषांत आणखी एक वाक्य आहे आणि या लेखापुरते ते सर्वांत मोलाचे आहे : दुसरा कोणताही आजार असला तरी फायब्रोमायल्जियाचे निदान वैध राहते. म्हणजे थायरॉईड सापडला म्हणून हे निदान रद्द होत नाही, आणि हे निदान झाले म्हणून थायरॉईड तपासायचा राहत नाही.

तपासून पाहा : थायरॉईड अजून बिघडलेला असताना हे आकडे काढले असतील तर तारीख टाकून ठेवावेत आणि टीएसएच स्थिर झाल्यावर पुन्हा काढावेत. पहिल्या मोजणीवर कायमचा शिक्का मारून घेऊ नये.

टप्पा ८ : डॉक्टरांसमोर

सुरुवात फिजिशियनपासून करावी. निकष जुळत असतील किंवा सांध्यांची शंका असेल तर संधिवाततज्ज्ञ, जोडी ई असेल किंवा डोस बसत नसेल तर एन्डोक्रायनॉलॉजिस्ट. नागपुरात मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा मिहानच्या एम्समध्ये जाणार असाल तर पाच मिनिटांत काम व्हावे अशी तयारी हवी. सत्तर पानांची फाईल पुढे ढकलू नये. एकाच कागदावर टीएसएच आणि फ्री टी-४ यांचे तारीख-वेळेसह कोष्टक, चालू औषधे, रंगवलेली आकृती आणि दोन आकडे, एवढेच द्यावे. फाईल मागितली तरच काढावी.

आणि प्रश्न नेमके विचारावेत. ‘माझा थायरॉईड आता नियंत्रणात आहे, असे तुम्ही म्हणाल का?’ ‘असेल तर उरलेल्या दुखण्याचे कारण काय?’ ‘अशक्तपणा आहे की वेदना, हे तपासून सांगाल का?’ ‘हे सगळे मनाचे आहे’ असे उत्तर मिळाले, तर वाद न घालता आकृतीचा कागद पुढे करावा आणि निकष मोजायची विनंती करावी. आम्हाला एका ठिकाणी ते उत्तर मिळाले होते आणि वहिनींनी त्यानंतर आठ महिने कोणालाच दाखवले नाही.

टप्पा ९ : दोन्ही आजार सोबत असतील तर

दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवावेत. थायरॉईडचा हिशेब टीएसएचवर चालतो, वर्षातून एकदा किंवा डोस-कंपनी बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांनी. फायब्रोमायल्जियाचा हिशेब वहीवर चालतो. त्यात सर्वांत भक्कम पुरावा नियमित व्यायामाचा आहे, पण तो इंचाइंचाने वाढवावा लागतो : पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे चालणे, तेही दुसऱ्या दिवशी अंग धरणार नाही इतपत. चांगल्या दिवशी अंबाझरी तलावाला पूर्ण चक्कर आणि मग चार दिवस अंथरूण, ही नेहमीची चूक आहे. उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत उरकावे. झोपेची वेळ ठरलेली असावी. डॉक्टर अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन किंवा प्रीगाबालिन यांपैकी काही देऊ शकतात; साध्या वेदनाशामक गोळ्या आणि स्टेरॉईड यांचा या दुखण्यावर फारसा उपयोग नाही.

दुखणे उसळले की पहिला विचार ‘थायरॉईड वाढला’ असा येतो. तेव्हा शेवटचा टीएसएच कधीचा हे पाहावे. तो गेल्या काही महिन्यांतला आणि मर्यादेत असेल, गोळी चुकलेली नसेल, तर गोळीला हात न लावता झोप, दगदग आणि आजारपण यांची नोंद तपासावी. गेल्या दिवाळीत फराळाच्या आठवड्यात वहिनींचे खांदे असेच धरले. महिन्याभरापूर्वीचा टीएसएच २.६ होता. गोळी पंचाहत्तरचीच राहिली आणि चकल्यांचा सोऱ्या फिरवायचे काम माझ्याकडे आले.